बारशाची शोभा, घरच्या कापडाची

बारशाची तारीख ठरली की घरात फोन सुरू होतात. जेवण कुणाला सांगायचं, पाळणा कुणाकडून आणायचा, कार्यक्रम घरी करायचा की सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि मग सजावट. थर्माकोलच्या मखरांवर २०१८ साली महाराष्ट्रात बंदी आली. त्यांची जागा फुगे, चमकीचे पडदे आणि प्लॅस्टिकच्या फुलांनी घेतली. कार्यक्रम उरकला की हे सगळं संध्याकाळीच कचऱ्यात जातं. बाळाच्या पहिल्या समारंभात तरी असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आजीची सुती साडी, कपाटात साचलेले ओटीचे खण आणि शेजाऱ्यांकडचं शिवणयंत्र एवढ्यावर बारशाची सगळी शोभा उभी राहते. पुढच्या भावंडाच्या बारशाला, वाढदिवसाला, गौरी-गणपतीलाही ती पुन्हा बाहेर काढता येते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. बारशाची सजावट बघण्यापुरती नसते, तिच्यात माणसं वावरतात. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात. कुंची घातलेला वरवंटा आणि मग बाळ पाळण्याच्या वरून-खालून एकीच्या हातून दुसरीच्या हाती जातं. आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते. निरांजन हातात घेऊन औक्षण होतं. म्हणजे पाळण्याच्या वर लोंबणाऱ्या माळा नकोत, खाली जमिनीपर्यंत लोळणारी झालर नको आणि औक्षणाच्या जागेपाशी हवेत उडणारं कापड नको. विकतच्या सजावटीत नेमका याचाच विचार नसतो. ती फोटोसाठी केलेली असते आणि ऐन नाव ठेवताना कुणीतरी फुग्यांची कमान हाताने बाजूला धरून उभं असतं.

आता वेळेचा हिशोब. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवू नये, आणू नये, असं पुष्कळ घरांत मानतात. त्यावरून घरातल्या मोठ्यांशी वाद घालू नका. साडी धुऊन वाळवून ठेवणं, पताका आणि तोरण शिवणं ही कामं कोणत्याही कार्याची असतात, ती आधी करायला कुणाची हरकत नसते. पाळण्याची झालर आणि नावाची पट्टी मात्र बाळ घरी आल्यावर घ्यावी. बाराव्या दिवशी बारसं करायचं असेल तर हाताशी जेमतेम दहा दिवस राहतात. हल्ली बरेच जण सव्वा महिन्यानंतर करतात, तेव्हा निवांतपणा मिळतो. बाळंतिणीला या कामात ओढू नये. तिने यंत्रावर वाकून बसायचं नाही की रात्री जागून गोंडे करायचे नाहीत. आजीही बाळाच्या अंघोळी आणि शेक-शेगडीत अडकलेली असते. हे काम आत्या, मावशी, काकू यांनी वाटून घ्यावं. हातशिलाई येणारा काका असेल तर त्यालाही सुई द्यावी.

कापड निवडताना पहिला मान घरातल्या जुन्या सुती साडीचा. इरकल असेल तर फार छान, कारण तिचे काठ भक्कम आणि रंग ठसठशीत असतात. साडी जिची आहे तिला आधी विचारा आणि कात्री लावायच्या आत तिच्या हातात एकदा देऊन बघा. एखादी साडी तिला कापायची नसते, पण तोंडाने ती नाही म्हणत नाही. मग साडी खिडकीपाशी उजेडात धरा. घडीच्या रेघांवर उजेड जास्त येत असेल तर तिथला धागा मेला आहे असं समजा. दोन्ही हातांनी कापड आडवं आणि उभं ताणून पाहा. चर्र आवाज आला तर तो भाग टीप धरणार नाही. जुनी रेशमी साडी घडीवरच तुटते, तिचा मोह नको. तिचे काठ शाबूत असतील तर तेवढे काढून घ्या.

खण घरात नसेल तर विकत घ्या. हा खण मुळात गुळेदगुड्डचा. बागलकोट जिल्ह्यातलं हे गाव, आणि इरकलीचं इळकलही त्याच जिल्ह्यातलं. हातमागाच्या खणाचा पन्हा लहान असतो, साधारण ३१ इंच. पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादर इथे खण भरपूर मिळतात, पण त्यांतले पुष्कळसे यंत्रमागाचे आणि कृत्रिम धाग्याचे असतात. सजावटीला तेही चालतात, फक्त कोणता आहे ते माहीत असलेलं बरं. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि काडीने पेटवा. सुती धाग्याची मऊ राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. मणी झाला तर त्या कापडावर इस्त्री मंद ठेवायची आणि ते समई-निरांजनाच्या आसपास लावायचं नाही.

नवं सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढा, कारण पहिल्या धुण्यात ते आटतं. लाल, जांभळा आणि गर्द हिरवा हे रंग जाणारे असतात. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळाच्या आसपास वापरू नका, दारावर लावा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सांगतात, पण त्यावर विसंबू नये.

एका सहावारी साडीतून किती निघतं हे मांडून पाहिलं की हुरूप येतो. साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर आणि पन्हा ४५ इंचांच्या आसपास. खालच्या काठाकडची ९ इंच रुंदीची पट्टी लांबीभर काढली की पाळण्याची झालर झाली. वरचा काठ अर्धा इंच कापड धरून कापला की पताकांची पट्टी झाली. मधल्या ऐसपैस कापडात पताकांचं अस्तर आणि नावाच्या पट्टीची पाठ निघते. पदर वेगळा ठेवा, तो पाळण्यामागच्या भिंतीवर सपाट लावला तरी मखरासारखा शोभतो. सुती साडीला कात्रीने छोटा काप देऊन कापड हाताने फाडत गेलं तर ते धाग्यावर सरळ फाटतं. पाच मीटर कात्री चालवण्यापेक्षा हे सोपं आणि बिनचूक. काठालगत मात्र कात्रीच वापरा.

यंत्रावर सुती साडीला १४ नंबरची सुई, रेशमी काठाला ११ नंबरची, आणि चार-पाच पदर एकत्र येणार असतील तर १६ नंबरची. शेजाऱ्यांचं यंत्र बरेच दिवस बंद असेल तर तेल घाला आणि आधी चिंधीवर दोन-चार लांब टिपा मारून घ्या, नाहीतर तेलाचा डाग नेमका पांढऱ्या कापडावर पडतो. यंत्र नसेल तरी अडत नाही. पताकांना जवळजवळ घातलेला धावदोरा पुरतो, झालरीच्या चुण्या तर हाताने जास्त सुबक पडतात.

पताका सगळ्यांत सोप्या, म्हणून सुरुवात त्यांनी करा. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापा, वरची बाजू ८ इंच आणि उंची ९ इंच. यात शिलाईची माया आलीच, शिवून झाल्यावर रुंदी ७ इंचांच्या आसपास भरते. खणावर त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे लागोपाठ आखले की ३१ इंचांच्या पन्ह्यात एका ओळीत सहा बसतात आणि कापड वाया जात नाही. बुट्टी बारीक असेल तर उलटसुलट दिसत नाही. मोर किंवा कोयरी असेल तर मात्र सगळे त्रिकोण एकाच दिशेने घ्यावे लागतील, म्हणून बारीक बुट्टीचाच खण बरा. दहा फुटांच्या भिंतीला दोन-दोन इंचांचं अंतर सोडून तेरा पताका लागतात, म्हणजे पाऊण मीटर खण. दोन रंगांचे खण घेऊन आलटून-पालटून लावले तर भिंत उठून दिसते.

खण आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून जोडा. दोन्ही तिरक्या कडा शिवा आणि वरची कड मोकळी ठेवा. खालच्या टोकाला टीप वळवताना एकदम टोकदार वळण घेऊ नका, तिथे आडवा एक टाका घ्या आणि मग वर वळा. टोकाची जादा माया कापून पताका उलटा. टोक बाहेर काढायला विणकामाची सुई किंवा पेन्सिलीचं मागचं टोक वापरा, कात्रीचं नको, कापड फाटतं. तिरक्या कडा उरेब असतात, त्या हाताळताना ताणल्या जातात. म्हणून कापल्या कापल्या शिवाव्या. रात्री कापून सकाळी शिवायला घेतल्या तर पताका वाकड्या दिसतात. मग साडीचा काठ मधोमध दुमडून, पताकांच्या वरच्या कडा त्यात अडकवून सलग टीप मारायची. काठ तीन इंचांहून रुंद असेल तर दुमडू नका, पताकांच्या दर्शनी बाजूवर सरळ ठेवून शिवा, काठाची नक्षी पूर्ण दिसते. दहा फूट भिंत, थोडा झोळ आणि दोन्ही टोकांना दीड-दीड फूट बांधायला धरून साडेचार मीटर पट्टी लागते. साडीचा काठ साडेपाच मीटरचा आहे, सहज पुरतो.

दाराच्या तोरणाला आंब्याची पानं करा. हिरव्या खणाचं पान ७ इंच लांब आणि अडीच इंच रुंद, दुहेरी कापडाचं. कडेने शिवून, वळणांवर मायेला बारीक काप देऊन उलटा आणि इस्त्री करा. मग मधोमध पिवळ्या किंवा पोपटी दोऱ्याने एक टीप मारा. तेवढ्या एका शिरेने पानाला जीव येतो. तीन फुटांच्या दाराला अकरा पानं पुरतात. मध्ये मध्ये झेंडू हवे असतील तर पिवळ्या सुती कापडाच्या दोन इंच रुंद आणि दोन फूट लांब उरेब पट्ट्या काढा. पट्टी लांबीत दुमडून मोकळ्या कडेला धावदोरा घाला, ओढून चुण्या पाडा आणि गुंडाळत गुंडाळत तळाशी टाके घाला. उरेब कापडाचे धागे सुटत नाहीत, म्हणून सरळ पट्टीपेक्षा ही बरी.

पाळण्याच्या झालरीला जास्त वेळ द्या, फोटोंत सगळ्यांची नजर तिथेच जाते. पाळणा ३६ बाय १८ इंचांचा असेल तर चारही बाजू मिळून १०८ इंच होतात. चांगल्या चुण्यांसाठी कापड दुप्पट घ्यावं, म्हणजे २१६ इंच, अर्थात जवळजवळ साडेपाच मीटर. एका साडीची लांबी नेमकी इथे कामी येते. काठ खाली येऊ द्या, म्हणजे खालची कड दुमडावी लागत नाही आणि काठाच्या वजनाने झालर सरळ पडते. वरच्या कडेला पाव-पाव इंच अंतरावर लांब टाक्यांच्या दोन समांतर ओळी घाला. एकाच ओळीवर चुण्या ओढल्या तर त्या पिळवटतात आणि दोरा तुटला की सगळं सुटतं. साडीच्या लांबीचे चार सारखे भाग करून टाचण्या लावा, तसेच चार भाग झालर जिला शिवायची त्या १०८ इंचांच्या पट्टीवर करा. टाचणीला टाचणी जुळवा आणि मग एकेका भागात चुण्या सारख्या करत बसा. ही युक्ती वापरली नाही तर एका कोपऱ्यात चुण्यांचा गठ्ठा होतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात सपाट कापड उरतं.

झालरीची लांबी ८ इंचांपेक्षा वाढवू नका. बाळ पाळण्याखालून द्यायचं असतं, तेव्हा वाकलेल्या बाईच्या तोंडावर कापड येता कामा नये. झालर पाळण्याला बांधायला बाहेरच्या बाजूनेच आखूड नाड्या शिवा, गाठ बसेल एवढ्याच. पाळण्याच्या आत काहीही बांधू नका. टिकल्या, आरसे, मणी, घुंगरू, गोंडे हे सगळं भिंतीवर आणि दारावर ठीक आहे, बाळाचा हात किंवा तोंड पोचेल अशा जागी नको. टाचण्या कामाला बसताना मोजून घ्या आणि उठताना पुन्हा मोजा. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत झालर पाळण्याला लावायची नाही. कार्यक्रम झाला की बाळाला झोपवण्याआधी झालर सोडून ठेवा. पाळण्यात बाळाच्या भोवती सुटं कापड, लोड किंवा नाड्या असू नयेत, हा नियम सजावटीपुरताही मोडू नये.

आता नावाची पट्टी. इंग्रजी पद्धतीने एकेका पताकेवर एकेक अक्षर लावायला गेलं की देवनागरीत घोटाळा होतो. वेलांटी एका पताकेवर आणि तिचं अक्षर दुसऱ्यावर अशी तोडफोड झालेली नावं मी समारंभांत पाहिली आहेत, आणि वाईट वाटतं. ‘शर्विल’ या नावाचे तुकडे तीनच, श, र्वि आणि ल. ‘ओवी’चे दोन. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे नाव एका सलग पट्टीवर घ्यावं. मांजरपाटाची १२ इंच उंच आणि ३० इंच रुंद पट्टी घ्या, मागे साडीचं कापड लावून कडा दुमडून शिवा. वरच्या कडेपासून चार इंच खाली साडीच्या काठाची एक अरुंद चिरोटी आडवी शिवा. हीच शिरोरेषा. जरीच्या किंवा रुईफुलाच्या काठाची शिरोरेषा आणि तिच्याखाली खणातून कापलेली अक्षरं, याहून देखणं नाव कुठल्या छापखान्यात निघत नाही. वर सोडलेल्या चार इंचांत मात्रा, वेलांटीचा फाटा आणि रफार बसतात. खाली उकारासाठी दीड-दोन इंच राखून ठेवा.

ही पट्टी नाव ठरायच्या आधी शिवून ठेवता येते. अक्षरांना मात्र नाव ठरावं लागतं, आणि ते कित्येकदा आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. म्हणून अक्षरांची पद्धत झटपट होणारी हवी. खणाच्या उलट बाजूला चिकट कॅनव्हास इस्त्रीने लावून ठेवा. शिंप्याच्या सामानाच्या दुकानात तो मीटरवर मिळतो. त्याने कापड ताठ होतं आणि कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे अक्षराला माया ठेवावी लागत नाही. अक्षर पाच इंच उंचीचं कागदावर जाड रेषेने काढा, शिरोरेषेशिवाय. कागद कापडाच्या सुलट बाजूवर टाचून कापा. कॅनव्हासच्या बाजूने आखायचं असेल तर कागद पालथा घालायला विसरू नका, नाहीतर ‘ग’ आणि ‘र’ उलटे निघतात आणि रात्री अकरा वाजता खण संपलेला असतो. ‘व’, ‘ब’, ‘ष’ यांच्या पोटातली पोकळी कापताना तिथलं कापड किंचित दुमडून आधी छोटा काप द्या, मग त्यातून बारीक कात्रीचं टोक घाला. अक्षरं पट्टीवर नुसती ठेवून दूर उभं राहून एकदा वाचा. दोन अक्षरांतलं अंतर मोजून सारखं ठेवण्यापेक्षा नजरेला सारखं वाटेल असं ठेवा, कारण कान्यामुळे जागा आपोआप मोकळी दिसते. मग लांब कच्च्या टाक्यांनी अक्षरं टाका. पक्की शिलाई नको, ही अक्षरं पुढे काढायची आहेत.

नाव आधी कुणाला दिसू नये म्हणून पट्टीच्या मापाचा एक पडदा शिवा आणि तो वरून दोन सैल गाठींनी बांधा. कानात कुर्रर्र झालं, आत्याच्या पाठीवर धपाटे बसले की तिनेच पडद्याची गाठ ओढायची. कापडाचा पडदा आवाज न करता पडतो. फुगे फोडून नाव उघड करतात तसं बाळ दचकत नाही.

लावायच्या दिवशी सकाळी सगळ्याला इस्त्री करून घ्या. भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नसतील तर खिडकीचा गज आणि पडद्याचा रॉड या दोन जागा हेरून पताका त्यांच्यामध्ये ताणा. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर चिकटपट्टी लावली तर रंगाचा पापुद्रा निघतो, ते टाळा. पंखा पूर्ण वेगाने लावून एकदा पाहा, पताका पात्याकडे उडत नाहीत ना. समई आणि औक्षणाचं तबक जिथे असेल तिथून कापड हातभर लांब हवं.

उरलेल्या तुकड्यांचे छोटे बटवे शिवले तर मुलांना त्यांत घुगऱ्या भरून देता येतात. आत धुतलेल्या मलमलीचं अस्तर घाला आणि कोरड्या घुगऱ्याच भरा.

दुसऱ्या दिवशी सगळं उतरवल्यावर सुती भाग गार पाण्यात वेगळे धुवा आणि सावलीत वाळवा. जरीचा काठ लावलेल्या वस्तू धुण्याऐवजी वाऱ्यावर टाकून, उलट बाजूने इस्त्री करून ठेवा. पताका घडी न घालता गुंडाळा, घडीवरच कापड मरतं. पांढऱ्या सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते आणि जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या थेट कापडात टाकू नका, कडुनिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून ठेवा आणि पावसाळा संपला की गाठोडं एकदा उन्हाच्या कडेला उघडा. नावाची अक्षरं उसवून वेगळी काढा. बाळाची गोधडी शिवायला घ्याल तेव्हा ती तिच्यावर काज टाक्याने पक्की करता येतात, आणि शिरोरेषेची पट्टी घरातल्या पुढच्या नावासाठी कोरी राहते.